ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी आकडे बघा, स्क्रूड्रायव्हर नंतर

खेळ सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत. मग पंखे घोंघावायला लागतात, चित्र अडखळतं, आणि एखाद्या वेळी पडदा एकदम काळा होऊन पंखे शंभर टक्के वेगाने सुटतात. यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: ‘पेस्ट बदलून घे.’ सल्ला चुकीचा नाही, पण बहुतेक वेळा फार लवकर दिलेला असतो. ही पेस्ट म्हणजे चिपवरचा, उष्णता पुढे नेणारा लेप. ती बदलायची म्हणजे कार्ड पूर्ण उघडायचं. दोष कॅबिनेटच्या हवेत असेल, तर एवढा उद्योग करूनही आकडा दोन अंशसुद्धा उतरत नाही.

कार्डातली उष्णता एका ठरलेल्या वाटेने बाहेर पडते. चिपमधून पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, तांब्यात, तिथून नळ्यांमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमध्ये, पात्यांवरून पंख्याच्या हवेत, ती हवा कॅबिनेटमध्ये, कॅबिनेटमधून खोलीत. शेतातल्या पाटात कचरा अडकला की अडकलेल्या जागेच्या वरच्या अंगाला पाणी फुगतं, खाली पाट कोरडा राहतो. उष्णतेचंही तसंच. कुठे तुंबलंय ते कळायला कुठल्या टप्प्यावर आकडा फुगलाय ते बघावं लागतं.

उष्णता किती, याचाही अंदाज असू द्या. आरटीएक्स ३०६० हे कार्ड पूर्ण जोरात १७० वॅट खातं, आणि त्यातले जवळजवळ सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर येतात. जुने साठ वॅटचे तीन पिवळे बल्ब एका बंद डब्यात लावून ठेवले तर जे होईल, ते तुमच्या कॅबिनेटमध्ये होत असतं.

किती म्हणजे जास्त?

चिपला जेवढं सोसतं, त्याच्या मानाने आपण लवकर घाबरतो. या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा जीटीएक्स १०६० साठी ९४ अंश सेल्सिअस, आरटीएक्स ३०६० साठी ९३ आणि आरटीएक्स ४०६० साठी ९० आहे. त्याच्या बरंच आधी, बऱ्याच कार्डांत ८३ च्या आसपास, कार्ड स्वतःहून वेग थोडा थोडा कमी करायला लागतं. चित्र अडखळतं ते बहुधा इथून. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या आरएक्स ५७०० आणि त्यानंतरच्या कार्डांत चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या बिंदूचा, म्हणजे हॉटस्पॉटचा, आकडा ११० पर्यंत चालतो. तेव्हा खेळताना ७५ ते ८० दिसलं म्हणून कार्ड आजारी आहे असं नाही.

नुसत्या आकड्यापेक्षा खोलीशी असलेला फरक जास्त बोलका. पंखे त्याच वेगाने फिरत असतील, तर खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच वर जातं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीत ३८ अंश असताना कार्ड ८० वर असेल तर फरक ४२ चा, आणि कार्ड उत्तम आहे. पुण्यात जानेवारीत खोली २२ वर असताना तेच कार्ड ८० दाखवत असेल तर फरक ५८ चा. पंखे तेवढ्याच वेगाने फिरत असतील, तर तिथे काहीतरी बिनसलंय. म्हणून भिंतीवर साधा थर्मामीटर लावा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा.

मोजायला जीपीयू-झी किंवा एचडब्ल्यूइन्फो हे प्रोग्राम, दोन्ही फुकट. वीस मिनिटं तुमचा नेहमीचाच खेळ चालवा. फरमार्कसारखी चाचणी कार्डाला रोजच्या वापरात कधीच पडत नाही इतका ताण देते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. वीस मिनिटांनी पाच गोष्टी टिपा: चिपचं तापमान, हॉटस्पॉट, मेमरीचं तापमान, पंख्याचा वेग आणि वॅट. आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डांत मेमरीचा आकडा दिसतच नाही, काही नव्या कार्डांत हॉटस्पॉट दिसत नाही. दिसेल तेवढ्यावर काम भागतं.

आता हे आकडे वाचायचे कसे. चिप ८५, हॉटस्पॉट ९७, पंखे ९५ टक्क्यांवर: चिप आणि हॉटस्पॉटमधला फरक १२ चा, म्हणजे पेस्ट आपलं काम करतेय आणि उष्णता पात्यांपर्यंत नीट पोचतेय. पुढे हवाच तिला घेऊन जात नाही. दोष धुळीचा किंवा कॅबिनेटचा. चिप ७८ आणि हॉटस्पॉट १०८: फरक ३० चा. चिपचा एखादा कोपरा हीटसिंकला नीट टेकलेला नाही किंवा तिथली पेस्ट सरकली आहे. १० ते १५ चा फरक नेहमीचा, २५ च्या वर गेला की कार्ड उघडण्याचा विचार करावा. चिप ७० वर निवांत आणि मेमरी १०६: मेमरीवरचे पॅड, म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधले उष्णता नेणारे मऊ तुकडे, गेले. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मध्ये असलेल्या जीडीडीआर६एक्स मेमरीत हे फार दिसतं. ती ११० ला वेग आवरते, आणि ३०९० मध्ये तर निम्म्या मेमरी चिप कार्डाच्या पाठीमागच्या बाजूला आहेत, जिथे पंख्याची हवा पोचतच नाही.

पंख्याचा वेग शून्य दिसला तर लगेच पंखा मेला म्हणू नका. आजकालची बरीच कार्डं ५०-६० अंशांपर्यंत पंखे मुद्दाम बंद ठेवतात. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये वेग हाताने ६० टक्क्यांवर ठेवा आणि टॉर्च मारून बघा. दोनपैकी एकच फिरत असेल, तर चोर सापडला.

आणि सगळे आकडे चांगले असून कॉम्प्युटर फटकन बंद पडत असेल, तर तो उष्णतेचा गुन्हा नाही. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तपासा.

झाकण काढून बघा

कॅबिनेटची, म्हणजे घरोघरी ज्याला ‘सीपीयू’ म्हणतात त्या डब्याची, समोरून बघताना डावीकडची बाजू उघडा आणि तोच खेळ पुन्हा वीस मिनिटं चालवा. आकडा सहा ते दहा अंशांनी उतरला, तर दोष डब्यात आहे, कार्डात नाही. एक-दोन अंशच उतरला, तर कार्डाकडे वळा. चाचणीला पैसे लागत नाहीत आणि निम्म्या तक्रारींचा निकाल इथेच लागतो.

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलात कॅबिनेटसाठी एक खण असतो, तीन बाजूंनी प्लायवूडने बंद. मागून निघालेली गरम हवा मागच्या फळीवर आपटते आणि खालून फिरून पुन्हा आत शिरते. कॅबिनेट खणातून बाहेर काढा. मागे आणि समोर किमान एक वीत मोकळी जागा हवी. धूळ बसू नये म्हणून वर घातलेलं कापडी कव्हर कॉम्प्युटर चालू असताना काढलंच पाहिजे, हे सांगायची गरज वाटू नये, पण वाटते.

पंख्यांची दिशा हा दुसरा घोळ. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या तीन-चार दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचा व वरचा बाहेर टाकणारा, अशी मांडणी हवी. खात्री करायची असेल तर कॅबिनेट बंद करून उदबत्ती पेटवा आणि बाहेरूनच, राख आत जाणार नाही अशा बेताने, जाळीजवळ धरा. समोर धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे बाहेर ढकलला गेला पाहिजे. समोर धूर जागच्या जागी घुटमळत असेल, तर पुढच्या काचेने हवेचा गळा दाबला आहे. अशा कॅबिनेटांत काच आणि पंखे यांच्यामध्ये बोटभर फट असते, तेवढ्यातून काय ती हवा. दिसायला झकास, पण उन्हाळ्याच्या कामाची नाहीत. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या.

विदर्भ-मराठवाड्यात पाण्याच्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवायचा मोह होतो. कार्ड थंड होतं, हे खरं. पण कूलरची हवा दमट असते, आणि बारीक तुषारांबरोबर पाण्यातले क्षारही येतात. ते सर्किटवर आणि कनेक्टरच्या पिनांवर पांढरे बसतात. कूलर खोलीत असू द्या, झोत मात्र कॅबिनेटवर नको.

न उघडता उतरवता येणारे अंश

सगळ्यात सोपा उपाय फ्रेमवर मर्यादा घालण्याचा. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि कार्ड सेकंदाला १४० चित्रं बनवत असेल, तर ८० चित्रं तुम्हाला दिसतच नाहीत, त्यांची उष्णता मात्र पूर्ण मिळते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० करा. एएमडीच्या ॲड्रेनलिन या प्रोग्राममध्येही तशी सोय आहे.

दुसरा उपाय व्होल्टेज उतरवण्याचा, म्हणजे अंडरव्होल्टिंग. नाव ऐकून लोक बिचकतात, पण यात कार्डाला इजा होत नाही. फार तर खेळ बंद पडतो किंवा कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो. कंपनी प्रत्येक कार्डाला थोडं जास्तच व्होल्टेज देते, म्हणजे सगळ्यात कच्ची चिपसुद्धा चालावी. तुमची चिप तेवढी कच्ची असेलच असं नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आलात, तर ०.९ भागिले १.०५, त्याचा वर्ग ०.७३. वेग तोच ठेवला तरी चिपचा खर्च सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटतो. मेमरी आणि पंखे यात धरलेले नाहीत, म्हणून पूर्ण कार्डाची बचत थोडी कमी भरते.

आरटीएक्स ३०६० वर हे असं करतात. आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेजचा आलेख उघडतो. आधी मुख्य खिडकीत कोअर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, उणे २०० करून अप्लाय दाबा, सगळी रेघ खाली येते. मग आलेखात ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका धरून १८०० मेगाहर्ट्झपर्यंत वर ओढा आणि पुन्हा अप्लाय. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेघ सपाट झाली की कार्ड ९०० च्या वर जाणार नाही. खेळ अचानक बंद पडला तर २५ मिलिव्होल्ट वाढवा. दोन-तीन दिवस बिनघोर चाललं, की मगच विंडोजबरोबर आपोआप लागू होण्याची खूण करा. आधीच केली आणि आकडा चुकीचा निघाला, तर कॉम्प्युटर सुरू होताच अडकेल. एएमडीवाल्यांना ॲड्रेनलिनच्या ट्यूनिंगमध्ये बऱ्याच कार्डांसाठी आपोआप अंडरव्होल्ट करायचा पर्याय मिळतो.

एवढं करायचं नसेल, तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज खावी याची मर्यादा, ८० टक्के करा. खेळाचा वेग थोडासाच उतरतो, उष्णता त्या मानाने पुष्कळ. पंख्याचा आलेखही बघून घ्या: ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ५०, ७५ ला ७५ आणि ८२ च्या पुढे १०० अशी चढण बहुतेक घरांत चालते.

धूळ

कॉम्प्युटर बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, वायर काढा, आणि मग पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कार्डाची वीजजोडणी खटका दाबून काढा, मागचे एक-दोन स्क्रू काढा. आता कार्ड ओढलं तरी येणार नाही, कारण मदरबोर्डच्या खाचेच्या टोकाला एक छोटा खटका असतो आणि तो कार्डाखाली लपलेला असतो. तो दाबल्याशिवाय जोर केला तर खाच तुटते. पट्टी किंवा पेन्सिल घालून दाबा आणि कार्ड सरळ वर उचला.

गॅलरीत नेऊन ब्लोअर मारा. पण त्याआधी प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरा. ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या ताकदीबाहेर गरगरतो, बेअरिंग खिळखिळं होतं, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. घरचा व्हॅक्यूम क्लीनर कार्डाला टेकवू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. स्वयंपाकघर किंवा देवघर जवळ असेल, तर धुळीत तेल आणि धुपाची काजळी मिसळून तिचा नमद्यासारखा थर बसतो. तो ब्लोअरने हलत नाही. मऊ ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पात्यांवरून, पात्यांच्याच दिशेने फिरवा. पाती कागदासारखी असतात, आडवा ब्रश मारला की वाकतात.

पेस्ट आणि पॅड

आता उघडायचंच असेल, तर पहिल्यांदा वॉरंटी बघा. बऱ्याच कार्डांना तीन वर्षांची असते आणि एखाद्या स्क्रूवर कंपनीचं स्टिकर असतं. वॉरंटी बाकी असेल तर दुरुस्ती त्यांच्याच गळ्यात घाला.

नसेल तर फुलीच्या टोकाचा छोटा स्क्रूड्रायव्हर, आयसोप्रोपिल, धागे न सोडणारं कापड आणि पेस्ट एवढं घ्या. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआची एनटी-एच१ दोन्ही चालतात, आणि दोन्ही वीजवाहक नाहीत. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. त्यात गॅलियम असतं, ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं. एक थेंब बाजूच्या बारीक भागांवर ओघळला की कार्ड संपलं.

उघडण्याआधी खेळ पाच-दहा मिनिटं चालवून कार्ड कोमट करा, म्हणजे वाळलेली पेस्ट सैल होते. पाठीमागे चिपभोवती चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. ते फुलीच्या क्रमाने, समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा सैल करा. बाकीचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, कागदावर कार्डाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. हीटसिंक निघत नसेल तर किंचित डावी-उजवी फिरवा, उचकटू नका. आणि सुटली की झटक्यात वर घेऊ नका: पंख्यांच्या बारीक वायरी अजून बोर्डाला जोडलेल्या असतात. पुस्तकासारखी एका बाजूने उघडा आणि त्यांचं प्लास्टिकचं टोक धरून काढा, वायर धरून नाही.

चिप साधारण अंगठ्याच्या नखाएवढी, आरशासारखी चकाकते. प्रोसेसरवर जसं धातूचं झाकण असतं तसं इथे नसतं, आणि म्हणूनच प्रोसेसरची ‘वाटाण्याएवढा ठिपका’ ही पद्धत इथे फसते. एक कोपरा जरी कोरडा राहिला, तरी हॉटस्पॉट तिथेच उसळतो. जुनी पेस्ट पूर्ण पुसा आणि नवी पेस्ट सगळ्या पृष्ठभागावर, पापडावर तूप लावावं तशी पातळ पसरवा. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, वीजवाहक नसल्याने बिघडत नाही.

उघड्या चिपवर पेस्ट दीर्घकाळ टिकत नाही. चिप तापते तेव्हा फुगते, निवते तेव्हा आकसते, आणि या श्वासाबरोबर पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. चार महिन्यांत हॉटस्पॉट पुन्हा चढला तर कारण बहुधा हेच. अशा कार्डांसाठी हनीवेलचं पीटीएम७९५० हे पातळ पान जास्त बरं. ते साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिपवर बसतं आणि पेस्टसारखं सरकत नाही. चिपच्या मापाने कापा, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे वरचा प्लास्टिकचा पापुद्रा नीट सुटतो. पहिल्या एक-दोन तापण्यांनंतर आकडे आणखी उतरतात.

पॅडच्या बाबतीत मात्र हात आवरा. अखंड असतील, फाटले-तेलकटले नसतील, तर आहेत तसेच ठेवा. बदलायचेच तर जाडी आधी मोजा. एकाच कार्डावर मेमरीसाठी १ मिलिमीटर आणि व्होल्टेजच्या भागांसाठी २ असं सर्रास असतं, आणि दाबलेला जुना पॅड मूळ जाडीपेक्षा पातळ दिसतो. दाबला न गेलेला कडेचा भाग मोजा. अर्धा मिलिमीटर जाड पॅड घातला, की हीटसिंक त्याच्यावरच टेकते आणि चिपपर्यंत पोचतच नाही. ‘पेस्ट बदलल्यावर जास्तच तापायला लागलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच अर्धा मिलिमीटर असतो.

परत बसवताना पंख्यांच्या वायरी आधी जोडा. विसरायचं ठिकाण हेच. मग चार स्क्रू पुन्हा फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, अडेपर्यंत. अडल्यावर आणखी पिळायचं नाही.

पंखाच गेला असेल तर कार्ड इतकं उघडावं लागत नाही, अनेक कार्डांत पंख्याची चौकट वेगळी निघते. पंख्याच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक छापलेला असतो. तो, पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पिनांची संख्या जुळली पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर जुना पंखा बरोबरच न्या. नुसती खरखर असेल, तर स्टिकरखाली शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही आठवडे काढून देतो, बेअरिंग सीलबंद नसेल तर. तेवढ्यात नवा मागवून ठेवा.

सेकंडहँड कार्ड घेतलं असेल, तर एक हिशेब डोक्यात ठेवा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथिरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर आकडेमोड करून ते मिळवणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली. त्यांच्या चिपा बहुधा ठीक असतात, कारण त्या एकाच तापमानावर राहिल्या. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे पॅड. असं कार्ड हाती आलं तर तेवढे दोन भाग आधी तपासा. आणि पडद्यावर रंगीत चौकटी किंवा ठिपके, कार्ड थंड असतानाही, कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या दिसत असतील, तर बहुधा मेमरीच गेली आहे. तिथे पेस्टही उपयोगाची नाही आणि पंखाही नाही.